रॉबिन आणि राघू

"नाव नीट घ्या," असं म्हणून काका चष्मा कपाळावर चढवत. मग आपण सावध व्हायचं.

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते विश्रांतवाडीला आमच्या शेजारी राहायला आले. रविवारी सकाळी आम्हा चार-पाच शेजाऱ्यांना नदीकाठी पक्षी दाखवायला नेत. शिंपी पक्ष्याला कुणी चिमणी म्हटलं, की लगेच, "उद्या तुम्हाला कुणी जोशी म्हणालं तर चालेल का, कुलकर्णी?"

एकदा कुंपणावर शेपटी उभारून बसलेला काळा चिरक दिसला. मी ऐटीत म्हणालो, "रॉबिन!" मला वाटलं, इंग्रजी नाव घेतलं म्हणून आता बोलणी खावी लागणार. पण ते शेजारच्या दगडावर टेकले.

"रॉबिन हे मुळात पक्ष्याचं नावच नाही हो. रॉबर्ट नावाच्या मुलाला घरी रॉबिन म्हणायचे. विलायतेत अंगणात येणारा एक पक्षी, त्याचं नाव नुसतं 'तांबडछाती'. लोकांनी लाडानं त्याला रॉबिन जोडलं. आपण नाही का पोपटाला राघू म्हणत? हळूहळू मूळ नाव गळालं, लाडाचं राहिलं."

"मग आपला चिरक रॉबिन कसा झाला?"

"साहेब लोक इथे आले. याच्या शेपटीखाली जरासा तांबूस रंग दिसला, तेवढ्यावर याला रॉबिन करून टाकलं. घरापासून लांब पडलेली माणसं. त्यांना काय बोलायचं!"

नावाच्या चुकीला त्यांनी माफी दिलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पुढे काकूंना विसरण्याचा आजार जडला. जन्मभर त्यांनी नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. आता त्या त्यांना 'बाळू' म्हणू लागल्या. बाळू म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, लहानपणीच गेलेला. मुलगी रडकुंडीला येऊन सांगायची, "आई, हे बाबा आहेत गं!" काकू घाबरून सगळ्यांकडे बघत राहायच्या.

शेवटी ते मुलीला म्हणाले, "राहू दे. तिला तिचं घर आठवतंय." त्या दिवसापासून ते 'बाळू' या हाकेला 'ओ' देऊ लागले. रविवारचं फिरणं थांबलं.

आता दोघंही नाहीत. मला आठवते ती एक दुपार. फराळाचं ताट द्यायला मी गेलो, तेव्हा दोघं गॅलरीत होते. काकू त्यांची हनुवटी धरून विरळ पांढऱ्या केसांचा भांग पाडत होत्या.

"बाळू, आज शाळेत नाही गेलास?"

"सुट्टी आहे, ताई," ते म्हणाले, आणि मान न हलवता डोळे मिटून घेतले.