मॅनेजर काढणारी खोली

मागच्या हंगामात, थंडी सरत आलेली असताना, एका रविवारी साडेसातचा सामना सुरू होण्याआधी आमच्या फुटबॉल मंडळाने आपल्या संघाचा प्रशिक्षक काढला. ठराव हात वर करून मंजूर झाला. चहा अजून यायचा होता.

मंडळाची खोली सोलापुरातल्या एका बंद यंत्रमाग कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. माग भंगारात गेले, खोली राहिली. तिथे एक मोठा टीव्ही आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. इंग्लंडच्या वरच्या लीगमधले सामने शनिवार-रविवारी बघायचे, आणि मंडळाचा स्वतःचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धांत उतरवायचा, अशी मंडळाची दोन कामे. मी सभासद नाही. वार्ताहर असताना कुठल्याच मंडळात नाव घातले नाही. निवृत्तीनंतरही ते तसेच राहिले. सामने बघायला मात्र जातो.

इंग्लंडमधला आमचा क्लब ठरला तो टॉवेलमुळे. मंडळाच्या अध्यक्षांचा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्यांना सगळे मालक म्हणतात. त्यांच्याकडे एकदा त्या क्लबचे चिन्ह विणलेल्या टॉवेलांची निर्यातीची ऑर्डर आली. काही टॉवेलांवर चिन्ह तिरके उतरले. तो सेकंड माल खोलीत आला. घाम पुसायला, खुर्चीवर टाकायला, शेंगा पसरायला तो वापरात राहिला, आणि टॉवेल विरेपर्यंत खोली त्या क्लबची झाली होती. पुढे क्लब विकला गेला. नव्या धन्यांनी चिन्ह बदलले आणि टॉवेल दुसऱ्या देशातून घेतले. खोलीने क्लब बदलला नाही.

खेळ बदलला, याबद्दल खोलीत दुमत नव्हते. चेंडू गोलकीपरकडून बचावपटूकडे, तिथून दुसऱ्या बचावपटूकडे आणि परत गोलकीपरकडे जायचा. कॉर्नर मिळाला की गोलसमोर दहा-बारा जण एकमेकांना धरून उभे राहायचे. गोल झाला तरी कोणी उठायचे नाही, कारण पंच पडद्यावर तपासून तो रद्द करतील की काय याची खात्री नसायची. एका शनिवारी पहिल्या अर्ध्यात काहीच घडले नाही. तेव्हाचे बोलणे मला आठवते.

"मागाचा धोटा बी याच्यापेक्षा बरा," यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर म्हणाला. त्याच्या घरी तेलुगू बोलतात, खोलीत तो सोलापुरी मराठी बोलतो. "हिकडून तिकडं जातो, पण कापड तरी निघतं की."

"मॅनेजर डरताय," गॅरेजवाले चाचा म्हणाले. "हरला तर नोकरी जाती. मग खेळेल कशाला?"

"त्याला भ्यायला लावतंय कोण? तिकडचा मालकच की. चार मॅच हरला की घरी. त्या मालकानं ग्राउंड तरी बघितलंय का कधी?"

"तू बघितलाय क्या?"

"मी टॉवेल बघितलाय."

"मग बंद कर ना टीव्ही."

जॉबरने रिमोट उचलला, आवाज कमी केला आणि खाली ठेवला. दुसरा अर्धा आम्ही तसाच बघितला.

खोलीची एक पद्धत होती. क्लब हरला की शेवटच्या शिट्टीनंतर कोणीतरी "हात" म्हणायचे. मॅनेजरला, म्हणजे तिकडच्या प्रशिक्षकाला, काढावे असे ज्याला वाटेल त्याने हात वर करायचा. बहुतेक वेळा सगळेच करायचे. इंग्लंडमधल्या क्लबने काढण्याच्या कितीतरी आधी खोलीने एकामागून एक मॅनेजर काढले होते. त्यातला जोर कधीच ओसरला होता. हात वर जायचे, खाली यायचे, खुर्च्या एकात एक रचल्या जायच्या. कोणी बोलत असेल तर बोलणे न थांबवता हात वर करायचा.

हात न करणारे एकच होते, आमच्या संघाचे प्रशिक्षक. शाळेत खेळाचे शिक्षक होते म्हणून सर. गाव सांगोल्याकडचे, घरी मेंढरे आणि डाळिंबाची बाग. नोकरीसाठी सोलापुरात आले आणि निवृत्तीनंतर संघासाठी इथेच राहिले. बाग भाऊ बघायचे आणि परत येण्याबद्दल विचारायचे. "पोरं हायेत तवर हाय," असे सर सांगायचे. खोलीत मॅनेजरचा विषय निघाला की म्हणायचे, "पुढच्या शनिवारपतूर बघू की."

सर फार मोठे प्रशिक्षक होते असे नाही. बचाव शिकवायचा त्यांना कंटाळा होता. संघ पुढे असला तरी सगळे पुढे धावायचे आणि मागे मैदान मोकळे पडायचे. आवडत्या खेळाडूला ते कधी बाहेर काढायचे नाहीत, तो लंगडत असला तरी. आमचे सामने खूप गोलांचे व्हायचे आणि त्यातले बरेच गोल आमच्यावर व्हायचे. मैदानाच्या कडेला मात्र माणसे उभी असायची. भजीची गाडी मैदानाकडे तोंड करून लागायची.

त्या हंगामात संघ करमाळ्याच्या संघाकडून मोठ्या फरकाने हरला. मालक तो सामना बघायला आले होते. बूट, कपडे, प्रवास, सगळे त्यांच्याकडून असायचे, आणि त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी परतताना गाडीत ते एवढेच म्हणाले, "शर्टावर कारखान्याचं नाव हाय."

रविवारी ते खोलीत आले. सहसा येत नसत. टीव्हीवर सामन्याआधीची चर्चा चालू होती. आदल्याच आठवड्यात आमचा इंग्लिश क्लब हरला होता आणि खोलीने मॅनेजर काढलाही होता. मालक उभे राहूनच बोलले. पुण्याला एक प्रशिक्षक आहे, त्याच्याकडे प्रशिक्षकाचा परवाना आहे, तो लॅपटॉपवर सामने दाखवून शिकवतो. आपला संघही आता नीट चालवायला हवा.

"सरांनी लई केलं," ते म्हणाले. "पण आता बदलायला पायजे. काय म्हणता? हात?"

हात वर गेले. चाचांचा एक हात शेंगांच्या टॉवेलवर होता, त्यांनी दुसरा केला. जॉबर हसत होता. "सर, आता तुमचा नंबर," तो म्हणाला, आणि खोली हसली. सरही थोडे हसले. ते दाराजवळच्या खुर्चीत होते. मालकांनी डोकी मोजली, सचिवाला लिहून घ्यायला सांगितले आणि निघाले. त्यांना कुठल्याशा लग्नाला जायचे होते.

ते खाली उतरेपर्यंत कोणाला काही कळले नाही. मग सचिव म्हणाला, "हे रजिस्टरला घालायचं म्हणतेत."

"मजाक थी ना," चाचा म्हणाले.

"त्यांनी मजाक केली न्हाय."

जॉबर जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. मालकांची गाडी निघून गेली होती. सर म्हणाले, "बसा, मॅच सुरू झाली." सामना बरोबरीत सुटला. त्या रात्री कोणी "हात" म्हणाले नाही.

सोमवारी चाचा आणि जॉबर कारखान्यावर गेले. ठराव मागे घ्या, असे त्यांनी सांगितले. मालकांनी त्यांना चहा दिला. "तुमीच दर आठवड्याला काढता की एकेकाला," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमचं ठरलेलं असतंय." पुण्याच्या माणसाला शब्द दिला होता आणि तो मोडायला ते तयार नव्हते. चिडलेही नव्हते.

नवा प्रशिक्षक व्यवस्थित माणूस होता. वेळेवर यायचा, मुलांशी चांगले बोलायचा. त्याने पाच जणांना मागे ठेवले. संघ हरायचा थांबला. सामने एक-शून्य व्हायचे नाहीतर गोलाशिवाय संपायचे. चेंडू गोलकीपरकडून बचावपटूकडे जायचा आणि परत यायचा. कडेची माणसे कमी झाली, नंतर भजीची गाडी रस्त्याच्या पलीकडे लागू लागली. जॉबर दोन सामन्यांनंतर मैदानावर यायचा बंद झाला. हंगाम संपल्यावर नव्या प्रशिक्षकाला पुण्यातल्या एका मोठ्या अकादमीत काम मिळाले आणि तो रीतसर कळवून गेला.

मालकांनी स्वतः सरांना फोन लावला. या परत, म्हणाले. सरांनी नाही सांगितले. सोलापुरातली भाड्याची खोली सोडून ते आधीच गावी गेले होते. मग चाचा सांगोल्याला जाऊन आले.

"काय म्हणले?" जॉबरने विचारले.

"डाळिंबं दिली. बोले, पुन्यांदा हात वर झाला तर या वयात कुटं जाऊ?"

खोलीत सामने चालू आहेत. क्लबने या हंगामात आणखी एक मॅनेजर काढला. खोलीत त्यावर मतदान झाले नाही. आमच्या संघाला प्रशिक्षक नाही आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत संघाचे नाव दिलेले नाही.

सांगोल्याजवळच्या एका शाळेच्या पटांगणावर सर सकाळी मुलांना फुटबॉल शिकवतात, असे मध्यंतरी कानावर आले. मी फोन करून विचारले. त्यांनी दुजोरा दिला. संघ अजून पुरा झालेला नाही, गोलकीपर व्हायला कोणी तयार नाही, असे ते म्हणाले.