मानेवरचा मळ

गुटगुटीत, बाळसेदार, खात्यापित्या घरची. हे सगळं बालवाडीपर्यंत ठीक असतं. पाचवीत गेल्यावर माणसं सरळ जाडी म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. बाबांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही सॉल्ट लेकला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा मी पाचवीत होते. जिना चढताना मला मध्येच बसावं लागायचं. शेजारच्या काकीमा तिथे मला गाठून हातावर संदेश मिठाई ठेवायच्या. फार जीव होता त्यांचा माझ्यावर. खायला थांबले म्हटलं की दम लागलेला कुणाला कळायचा नाही, हाही एक फायदा.

त्याच वर्षी माझी मान काळी पडली. मागच्या बाजूला, केसांखाली, जाडसर काळा पट्टा. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने तो फूटपट्टीने खरवडून पाहिला आणि सगळ्यांना सांगितलं, ही आंघोळ करत नाही. जाडी हे एक वेळ मी गिळलं होतं, पण घाणेरडी? घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, ती त्या मुलीवर चिडेल. आईने माझी मान उजेडाकडे वळवली आणि तिचंच तोंड उतरलं. "अगं, खरंच की. किती मळ बसवून घेतलायस!"

झालं, माझ्या मानेमागे शुक्लकाष्ठ लागलं. लिंबाची साल, डाळीचं पीठ, दुधाची साय, वाट्टेल ते. पोर अस्वच्छ म्हणजे आईचं वळण कमी पडलं, असा आमच्याकडे हिशोब. त्यामुळे माझी मान हा आईच्या अब्रूचा प्रश्न झाला.

दिवाळीला आजीने पुण्याहून उटणं पाठवलं. नरकचतुर्दशीला पहाटे उठून अभ्यंगस्नान करणारं त्या बिल्डिंगमधलं आमचं एकच घर. बाकीच्यांना रात्री कालीपूजेला जागायचं, ते कशाला उठतात! आईने मला पाटावर बसवलं, तेल लावलं आणि मानेवर उटणं घेऊन घासायला लागली. "आज निघालाच पाहिजे," असं स्वतःशीच म्हणत होती. सणाच्या दिवशी रडायचं नाही म्हणून मी दात आवळून बसले. कातडी सोलवटून रक्त आलं तेव्हा ती थांबली. वर हळद लावली आणि नव्या ड्रेसची ओढणी मानेभोवती गुंडाळून दिली. ती तशीच घेऊन मी मराठी मंडळाच्या फराळाला गेले. तिथे बायकांनी माझ्या ताटलीत पुन्हापुन्हा चकल्या वाढल्या. "खा गं, तुला कुठे लाजायचंय!" मी खाल्ल्या. तेवढा वेळ बरं वाटायचं.

थंडीत खोकला हटेना म्हणून आई मला डॉक्टरांच्या चेंबरमध्ये घेऊन गेली. पाठ तपासायला त्यांनी माझे केस बाजूला केले आणि थांबले. त्यांनी काही विचारायच्या आतच आई म्हणाली, "रोज घासते हो डॉक्टर. निघतच नाही."

"निघणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हा मळ नाहीच. वजन फार वाढलं आणि शरीराला साखर आवरेनाशी झाली, की मान अशी होते. घासू नका. रक्त तपासून घ्या."

रिपोर्ट आला. मधुमेह नव्हता, पण उंबरठ्यावर होता. घरातला साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, संध्याकाळी बाबा मला चालायला नेऊ लागले, आणि काकीमा जिन्यात कासुंदी, म्हणजे त्यांची ती मोहरीची चटणी, लावलेली काकडी घेऊन उभ्या राहायला लागल्या. मला राग यायचा सगळ्यांचा. काकडीचा जास्त.

पुढच्या दिवाळीपर्यंत वजन थोडं उतरलं होतं. मान अजून काळीच होती. पहाटे आईने पाठीला उटणं लावलं, पण मानेला नुसतं तेल, तेही दोन बोटांनी, हळूच.

"तिथे घास ना," मी म्हणाले.

"अगं, मळ नाहीये तो. डॉक्टरांनी सांगितलंय ना आपल्याला?"

"माहितीये मला. तरी घास."

आईचा उटण्याचा हात तसाच राहिला. मला खरंच माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर साखर, रक्त, सगळं नीट सांगितलं असतं. पण मळ असता तर कधीतरी निघाला तरी असता. तरीही मी मान पुढे करून बसले होते, आणि आई घासत नाही म्हणून मला रडू यायला लागलं.