चोवीस गुणिले बारा गुणिले दहाची पेटी

ऑनलाइन लिलावात वस्तू विकणारा माणूस लबाड आहे की प्रामाणिक, हे वस्तू घरी येण्यापूर्वी ओळखता येते का? हा प्रश्न मी स्वतःपुढे मांडला, त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि उत्तर काढले. उत्तर असे की, ओळखता येते. आमच्या वाडीत ते सर्वांना ओळखता आले. फक्त मला आले नाही.

प्रथम माझ्याविषयी. मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. समास आखलेला नसेल तर वही परत, बेरजेखाली दोन रेघा नसतील तर वही परत, आणि उत्तरापुढे एकक लिहिले नसेल तर अर्धा गुण कमी! "सत्तर काय? आंबे, माणसे की लिटर?" हा माझा प्रश्न आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या संसारी माणसांनी कधी ना कधी बाकावर उभे राहून ऐकलेला आहे. निवृत्तीनंतर ही ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून मी महिला मंडळात एक व्याख्यानही दिले. विषय होता, 'ऑनलाइन खरेदी आणि सावधगिरी'. (फळ्यावर आकृती काढून!) पुढील हकीगत त्या व्याख्यानानंतर तीन महिन्यांनी घडली, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

आमचे यजमान, ज्यांना सारी वाडी भाऊ म्हणते, ते गेली चाळीस वर्षे वाडीच्या भजनात हार्मोनियम वाजवतात. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे भजन घरोघर फिरते. ज्या घरी भजन, त्या घरची पेटी असेल तर ती लागते आणि त्या घरचा वाजवणारा बसतो. गणपतीच्या उजव्या हाताची ती जागा आमच्या घरी भाऊंची. त्यांच्या आयुष्यात त्यांनी कशाचा मान मागितला असेल तर एवढाच.

ती पेटी मी घालवली. कोठीच्या खोलीची शास्त्रशुद्ध मांडणी करताना मी ती फळीवरून उतरवून भिंतीलगत जमिनीवर ठेवली, तिच्यावर 'वाद्य' अशी चिठ्ठी चिकटवली आणि विसरले. श्रावणात उघडून पाहिले तर वाळवीने भाता, पट्ट्या, सूर बसवलेली फळी सगळे फस्त करून फक्त बाहेरचा सांगाडा शिल्लक ठेवला होता. (आणि माझी चिठ्ठी. ती शाबूत होती.)

भाऊंनी सांगाड्यावरून एकदा हात फिरवला आणि ते म्हणाले, "जावंदे गो. औंदा बाबल आपली पेटी घेऊन येयत. मी टाळ वाजवतलंय."

बाबल हा खालच्या वाडीचा पेटीवादक. माणूस चांगला, पण आपली पेटी त्याने आजवर दुसऱ्याच्या हाती दिलेली नाही. म्हणजे आमच्या घरात, आमच्या गणपतीपुढे, भाऊंच्या जागेवर बाबल बसणार आणि भाऊ मागे टाळ घेऊन! त्यापेक्षा ते मला चार शब्द रागाने बोलले असते तर बरे झाले असते. मी निश्चय केला, चतुर्थीपूर्वी पेटी आलीच पाहिजे, आणि तीही आत जर्मनीत घडलेल्या पितळी सूरपट्ट्या असलेली, म्हणजे जुन्या जर्मन सुरांची. त्या सुरांचे नाव भाऊ ज्या आवाजात घेतात, त्या आवाजात त्यांनी माझे नाव कधी घेतलेले नाही.

अशी पेटी मला एका लिलावाच्या संकेतस्थळावर सापडली. विक्रेत्याने स्वतःचे नाव 'प्रामाणिक ७७' असे ठेवले होते. मी वहीत रकाने आखून तपासणी केली. जाहिरातीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. फोटोत पांढऱ्या चादरीवर एकटी पेटी, आजूबाजूला पसारा नाही, म्हणजे माणूस टापटिपीचा. खाते त्याच महिन्यात उघडलेले होते, हे खरे. पण वर्गात नव्या आलेल्या विद्यार्थ्याला संधी द्यावी असे माझे तत्त्व आहे. मी त्याला नऊ प्रश्न विचारले. नऊही प्रश्नांना त्याने "जी मॅडम" असे उत्तर दिले. इतका विनय मला दहावीच्या वर्गात कधी लाभला नव्हता!

आणि माप? मापाच्या बाबतीत मी हयगय करणार? जाहिरातीत २४ × १२ × १० असे स्वच्छ लिहिले होते. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. पट्टी घेऊन कोठीच्या खोलीत गेले आणि वाळवीने सोडलेला सांगाडा मोजला. लांबी चोवीस इंच, रुंदी बारा इंच, उंची दहा इंच. तंतोतंत! मी वहीत बरोबरची खूण केली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

हे सर्व मी शेजारच्या शेवंतीला दाखवले. शेवंती रोज संध्याकाळी मालवणच्या बंदरावर लिलावात मासे घेते आणि सकाळी गावात विकते. ती माझी विद्यार्थिनी. अर्ध्या गुणाने तिचा दहावीचा पहिला वर्ग हुकला, असे ती मला दर गुरुपौर्णिमेला पाया पडताना आठवणीने सांगते. (तो बोर्डाचा पेपर होता, मी तपासलेला नव्हता. पण तिच्या मते, ती सवय माझ्याकडूनच बोर्डाला लागली.)

"बाई, मी सुरमयचो कल्लो उचलून बघल्याशिवाय बोली करनंय नाय," शेवंती म्हणाली. "तुम्ही पेटी फोटूत बघून घेतास?"

"शेवंती, हार्मोनियमला कल्ले नसतात."

"मगे भातो तरी वढून बघा!"

"फोटोतला भाता कसा ओढणार?"

"ताच सांगतंय मी! आणि ह्यो दुसरो बोली करणारो कोण? 'रसिक ९'? बाई, बंदरार विकणाऱ्याचोच एक माणूस गर्दीत उभो आसता. तो नुसतो भाव वाढवता. टोपली कधी उचलना नाय."

"संशय म्हणजे पुरावा नव्हे," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या व्याख्यानात होते.

लिलाव संपण्याची वेळ दुपारी चारची होती. आमच्या वाडीत मोबाईलला रेंज फक्त एकाच ठिकाणी येते, काजूच्या झाडाखालच्या दगडी गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर. निवृत्त गणितशिक्षिका गडग्यावर उभी, एका हातात फोन, दुसऱ्या हातात वही, खाली शेवंती टोपली घेऊन आणि तिच्या मागे माशांच्या आशेने आलेली चार मांजरे! मी शंभर रुपये वाढवले की 'रसिक ९' दोनशे रुपये वाढवी. तेही बरोबर बारा सेकंदांनी. मी प्रत्येक वेळ मोजली. हा नियमितपणा पाहून कोणालाही शंका यावी. मला कौतुक वाटले! मी माझ्या ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचले, मग मर्यादा वाढवली, मग ती वहीत खोडून नव्याने लिहिली. चार वाजायला दहा सेकंद असताना 'रसिक ९' थांबला.

"नमला!" मी ओरडले. "माझ्या निग्रहापुढे नमला!"

"नमूक नाय बाई," शेवंतीने टोपली डोक्यावर घेतली. "गिऱ्हाईक गावला म्हणान थांबलो."

पार्सल चतुर्थीपर्यंत आले नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमके आमच्याकडे भजन असलेल्या दिवशी, सकाळी निरोप आला की ते कसालला येऊन पडले आहे, घेऊन जा. कसाल आमच्या वाडीपासून सव्वीस. भाऊ रिक्षा करून निघाले. जाताना त्यांनी दोरी घेतली, गोणपाट घेतला आणि चाळीस वर्षांत प्रथमच आरशात पाहून टोपी नीट केली.

परतले तेव्हा रिक्षात एक मीटर लांबीचा खोका बसला होता आणि भाऊ चालकाच्या शेजारी अर्धे बाहेर होते. खोका अकरा किलो वजनाचा! मी शेवंतीकडे पाहिले. शिक्षकाने जिंकल्यावर वर्गाकडे ज्या नजरेने पाहावे त्या नजरेने फक्त पाहिले.

"आता उघडूची नाय," भाऊ म्हणाले. "देवासमोरच उघडूया."

संध्याकाळी सारे भजनी मंडळ आले. बाबलही आला, आपली पेटी घेऊन. पण आमचा खोका पाहून त्याने ती दाराशीच ठेवली. भाऊ उजव्या हाताच्या जागेवर बसले. वाडीतले सर्वांत ज्येष्ठ अण्णा हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या सेवेक नवी पेटी हाडल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

"ती सुरात वाजू दे, तिका कोणाची वायट नदर लागा नको!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जेना कोणी ती धाडल्यान, तेचा सगळा बरा कर, तेचो धंदो वाढू दे!"

"व्हय म्हाराजा!" यात माझा आवाज सर्वांत मोठा होता.

भाऊंनी दोरी कापली. वरती वर्तमानपत्रे निघाली. त्यांच्याखाली नारळाची काथ्याची सोडणे निघाली. (मालवणच्या माणसाला सोडणे! आमच्या मागल्या दारी त्यांचा ढीग पडला आहे. आणि ही आम्ही वाहतुकीचे भाडे भरून मागवली होती!) सोडणांखाली एक विटेचा तुकडा निघाला. त्याखाली पुन्हा सोडणे. भाऊंचा हात खांद्यापर्यंत खोक्यात गेला, थांबला, आणि त्यांनी पेटी बाहेर काढली.

एका हाताने. बोटांत धरून.

ती हुबेहूब फोटोतली पेटी होती. तीच पॉलिश, त्याच पितळी कड्या. फक्त शिक्षकांच्या जेवणाच्या डब्याएवढी होती.

भाऊंनी ती मांडीवर ठेवली, तर ती मांडीवरून घसरली. त्यांनी तिला सगळीकडून पाहिले आणि अगदी शांतपणे विचारले, "काय गो, ही पेटी आसा, की पेटयेचा पिल्लू?"

"पण माप बरोबर होते!" मी वही उघडली. "हे पाहा, चोवीस, बारा, दहा! मी स्वतः ताडून पाहिले आहे!"

शेवंती मागच्या रांगेतून उठली. तिने माझ्या हातातली वही घेतली, तो आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. पंचवीस वर्षे ती या क्षणाची वाट पाहत असली पाहिजे.

"चोवीस काय, बाई?" ती म्हणाली. "आंबे, माणसां की लिटर?"

भजनी मंडळात माझे सात विद्यार्थी होते. सातही जण टाळ तोंडावर धरून हसले. मी पट्टी आणली आणि लावली. चोवीस सेंटिमीटर, बारा सेंटिमीटर, दहा सेंटिमीटर. तंतोतंत! जाहिरातीत एकक नव्हते. ते मी माझ्या पदरचे घातले होते.

"अण्णानू," कोणीतरी घाबरून म्हणाले, "आता तेच्या धंद्याचा काय? आपण गाऱ्हाणा घातला मा!"

अण्णांनी गणपतीकडे पाहून पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ता शेवटचा तू आयकूक नसलंस तर लय बरा!"

"व्हय म्हाराजा!"

या सगळ्यात भाऊंनी त्या पेटीचा भाता दोन बोटांनी ओढला आणि षड्ज लावला. त्यांचे एक बोट तीन पट्ट्यांवर बसले आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसे तीन सूर एकदम निघाले. मंडळी लोळायचीच राहिली. भाऊही हसले. पण हसता हसता त्यांनी ती पेटी बाजूला ठेवली, जागेवरून उठले आणि टाळांकडे हात केला. तेव्हा मला हसू आले नाही.

दाराशी ठेवलेली पेटी बाबलने उचलली, आत आणली आणि भाऊंच्या रिकाम्या जागेपुढे मांडली. मग स्वतः मागे जाऊन टाळ घेतले.

"बस रे भावा," तो म्हणाला. "तुझ्या घरात मी थंय बसान? आणि वाजव हळू, माझी जर्मन नाय हा!"

भाऊ बसले. त्या रात्री त्यांनी असे वाजवले की अण्णांना भजनात वाटतात त्या उसळीची दुसरी वाटी घ्यायचे भान राहिले नाही. बाबलची पेटी आजवर दुसऱ्या कोणाच्या हाती गेली नव्हती. ती भाऊंच्या हाती जावी म्हणून एका लबाड माणसाची, त्याच्याहून लबाड 'रसिक ९'ची आणि माझी गरज होती.

मी संकेतस्थळाकडे रीतसर तक्रार केली. विक्रेत्याचे उत्तर आले, "जी मॅडम, माप जाहिरातीप्रमाणेच आहे." गणिताची शिक्षिका म्हणून मला ते खोडून काढता आले नाही. ती पेटी आता दिवाणखान्यात आहे. शेवंती सुटे पैसे हवे असले की तिच्यात ठेवलेली माझी नाणी न विचारता घेते.

हा लेख मी छापायला देण्यापूर्वी शेवंतीला तपासायला दिला. तिने लाल शाईने एक खूण करून परत पाठवला. जाहिरातीतले ते तीन आकडे सोडूनही, एका ठिकाणी माझ्याकडून एकक राहिले आहे. कोठे, ते सांगण्याचे धैर्य मला नाही. वाचकांनी कृपया स्वतः तपासून पाहावे. अर्धा गुण तिने कापलाच आहे.