भावोजींच्या फोनमधली माणसं

माझ्या नणंदेच्या यजमानांच्या मोबाइलइतका शिस्तीचा मोबाइल अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल. किराण्यापासून लग्नाच्या आहेरापर्यंत सगळ्याच्या याद्या करणारी मी बाई, पण भावोजींचा फोन हातात घेतला की मला माझ्या याद्यांची लाज वाटते. तारापूरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं. तिथे डब्यावर नुसतं 'बोल्ट' लिहून चालत नसे. प्रकार, माप, रॅक, अवस्था, सगळं ठरलेल्या क्रमाने चिठ्ठीवर हवं. "मी रजेवर असलो तरी वस्तू सापडली पाहिजे," हा त्यांचा नियम. निवृत्त झाल्यावर रॅक संपले, माणसं उरली. मग त्यांनी फोनमधल्या माणसांना चिठ्ठ्या लावल्या. नावाला तिथे जागाच नाही. आधी गाव, मग काम किंवा नातं, मग गुणदोष, शेवटी सूचना. दातांचे डॉक्टर म्हणजे 'बोईसर, दात, हात हलका, गुरुवारी बंद'. सख्खा भाऊ म्हणजे 'कराड, भाऊ, लवकर चिडतो'. नणंदेने एकदा स्वतःचा नंबर उघडला तर 'घर, बायको, पहिल्या रिंगला उचलत नाही'. "खोटं आहे का?" भावोजींनी शांतपणे विचारलं. तिने दोन दिवस पहिल्या रिंगला फोन उचलला आणि तिसऱ्या दिवशी नाद सोडला.

एखादं ॲप 'परवानगी द्यायची का?' म्हणून विचारतं तेव्हा आपण न वाचताच बोट टेकवतो. भावोजी चष्मा लावतात. त्यांच्या लेखी ती एका खात्याने दुसऱ्या खात्याकडे पाठवलेली मागणीची चिठ्ठी. कोणी मागितलं, काय मागितलं, कारण काय दिलं, याची ते वहीत नोंद करतात. टॉर्चच्या ॲपने फोनमधले सगळे नंबर मागितले तेव्हा ते खवळले. "टॉर्चला माझ्या साडूचा नंबर कशाला? अंधारात त्याला हुडकणार आहे?" चिठ्ठी नामंजूर. पण तिकीट काढलं आणि गाडीची वेळ आपोआप कॅलेंडरात जाऊन बसली, तेव्हा लहान मुलासारखे हरखून त्यांनी मला फोन केला, "वहिनी, यांचं आपसात बोलणं आहे! दोघांकडे तारीख, वेळ, ठिकाण असे सारखेच रकाने, म्हणून माल न सांडता इकडून तिकडे जातो." मग त्यांना नादच लागला, कोण कोणाशी बोलतं ते शोधायचा. जुन्या फोनचा नंबर त्यांनी मुद्दाम 'चाचणी, बिबट्या' म्हणून साठवला. चार दिवसांनी निरोपांच्या ॲपने कळवलं, 'चाचणी, बिबट्या आता इथे आला आहे.' म्हणजे ते ॲप भावोजींची यादी वाचत होतं. त्या दिवशी घरात शिरा झाला.

अशा माणसाने एका ॲपला हो म्हटलं, हेच नवल. अनोळखी फोन कोणाचा ते सांगणारं ॲप होतं. कारण व्यवस्थित दिलं होतं, म्हणून मंजूर. ॲप चिठ्ठ्या बघून परत ठेवेल, असं भावोजींनी धरलं होतं. त्याने त्या उतरवून घेतल्या आणि गावभर दाखवल्या. ते ॲप ज्याच्या फोनवर, त्याला फोन करणाऱ्याच्या नावाच्या जागी भावोजींची चिठ्ठी दिसू लागली. मी माझ्या ऑफिसातल्या नव्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही दोन ते चार झोपता?" माझी चिठ्ठी होती 'पालघर, वहिनी, कामसू, दोन ते चार झोप, फक्त रविवारी', आणि शेवटचे दोन शब्द पडद्यावर मावले नव्हते. मुरब्याची मासळीवाली टोपली घेऊन भावोजींच्या दारात उभी राहिली. तिची चिठ्ठी 'मुरबे, मासळी, ताजी, बोलते फार'. "दादा, मी बोलते फार?" असं विचारून ती अर्धा तास बोलली. जाताना म्हणाली, "पर ताजी लिवलंस ते बरं केलंस. नवी गिऱ्हाईकं फोन उचलतात आता."

कुंभवलीच्या मित्राचं मात्र हसण्यावारी गेलं नाही. भावोजींच्याच कारखान्यात ते मशिनवर होते. बायको गेल्यापासून घरात कोणी नाही. त्यांची चिठ्ठी 'कुंभवली, ऑपरेटर, एकटा, दर रविवार'. दर रविवारी सकाळी नऊला भावोजींचा फोन, कधी चुकला नाही. एकदा मित्राने गॅस सिलिंडरसाठी फोन केला आणि पलीकडच्या मुलीने सहज विचारलं, "काका, तुमचं नाव 'कुंभवली ऑपरेटर एकटा' असं काय येतंय?" त्या रविवारपासून त्यांनी भावोजींचा फोन उचलला नाही. तीन रविवार गेले. भावोजींनी ॲप काढून टाकलं, चिठ्ठीतला 'एकटा' पुसला, आणि माझ्या फोनवर तेच ॲप होतं त्यात बघितलं. तिथे 'एकटा' तसाच. "माझं कपाट मी कितीही आवरलं तरी काय, वहिनी," ते म्हणाले. "नक्कल त्यांच्याकडे आहे."

चौथ्या रविवारी नणंद मला म्हणाली, "वहिनी, तू बरोबर जा. हे नुसते उभे राहतील." मित्र ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "काय, स्टॉक मोजाया आलास?"

"चूक झाली," भावोजी म्हणाले.

"खोटं लिवलं नायस. पर मी एकटा हाय हे मी तुला तरी कदी बोललो काय? आन् मला फोन कराया तुला लिवून ठेवाया लागतं?"

भावोजी खरंच नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "लिहिलं नाही ते हरवतं, एवढंच मला येतं. तू हरवू नयेस म्हणून लिहिलं."

शेंगा सोलायच्या थांबल्या. मित्राने खिशातून फोन काढून पुढे केला. त्यात भावोजींचं नावच नव्हतं, नुसता नंबर. "आमी लिवतच नाय. रविवारी सकाळी दुसरं कोन करतंय मला?" मग शेंग परत हातात घेत, "एकटा पुसलास काय?"

"पुसला."

"परत लिव. खरं हाय ते. पर म्होरं बुधवार पन टाक."

भावोजींनी चष्मा लावला, पण काच पुसून झाल्याशिवाय त्यांना टाइप करता येईना. आता बुधवारी नऊलाही फोन जातो. परवा मी माझ्या फोनवर त्या ॲपमध्ये सहज बघितलं. तिथे अजून जुनीच नक्कल आहे, एकटा, दर रविवार. बुधवारचं तिथे कोणाला माहीत नाही.