तिला विचारलेले प्रश्न

सुपरवायझर बाईंनी पेढा माझ्या हातावर वरून टाकला. वीतभर वरून. तो घरंगळून मशीनखाली गेला.

"उचल. फरशी आत्ताच पुसलीय," त्या म्हणाल्या.

दसऱ्याची मशीनपूजा होती. सातपूरच्या त्या वर्कशॉपमध्ये मी सहा वर्षं गाड्यांच्या वायरी बांधत होते. शेजारी हरप्रीत उभी होती. तिला लागून महिनाही झाला नव्हता. तिच्या तळहातावर बाईंनी पेढा ठेवला. बोटं टेकवून. वर विचारलं, "तुमच्यात चालतो ना गं?"

मी माझा उचलला. खाल्लाही.

राग बाईंचा यायला हवा होता. आला हरप्रीतचा.

ती देवळाली कॅम्पातली, शीख. वडील फौजेतून रिटायर. मराठी आमच्यासारखंच बोलायची. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या तिच्याभोवती. केस का कापत नाहीस? देवानं दिलेत, तसेच ठेवायचे. कडं कशाला? हातून वाईट काम होऊ नये, त्याची आठवण. मूर्ती नाही, मग पाया कुणाच्या पडता? ग्रंथाच्या, तोच आमचा गुरू. आणि सगळ्या बायका कौर कशा?

"आडनावावरून जात कळू नये म्हणून," ती म्हणाली.

मला सहा वर्षांत एकच प्रश्न विचारला होता. पहिल्या दिवशी. "पूर्ण नाव?" माझं नांदगावकडचं आडनाव ऐकलं आणि पुढचं कुणाला विचारावंच लागलं नाही. मातंग. झालं.

रात्रंदिवस तेच डोक्यात. जात न सांगणारं नाव हिला जन्मताच मिळालं. फुकट.

एकदा मी मुद्दाम विचारलं, "एवढ्या केसांत उवा होत नाहीत का गं?"

सगळ्या हसल्या. माझ्या बोलण्यावर पहिल्यांदाच. मला बरं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

"होतात, धुतले नाहीत तर," हरप्रीत म्हणाली. "रविवारी ये गुरुद्वाऱ्यात. बघ तरी."

गेले. डोक्यावर ओढणी घेतली. लंगरला खाली पंगतीत बसले. वाढणाऱ्यानं रोटी वरून टाकली. मी दचकले. मग पाहिलं, शेजारी गाडीतून उतरलेली एक बाई होती. तिच्या ओंजळीतही तशीच पडली. सगळ्यांच्याच. नाव कुणी विचारलं नाही.

डाळ गोड लागली आणि हरप्रीतचा आणखीच राग आला. ही हे दर रविवारी जेवते!

मी हरप्रीतला विचारलं, "तुझं लग्न कुणाशीही लावतील?"

तिनं ताटातली रोटी मोडली. "पप्पांना आपल्यातलंच घर हवंय. ग्रंथात तसं नाही. पण जात विचारतात."

मला वाटायचं, नुसतं आडनाव बदललं की सुटेन. ते वाटणं तिथेच संपलं.

पुढच्या आठवड्यात बायकांचा संडास तुंबला. बाई सरळ माझ्याकडे आल्या. "सफाईवाला आला नाही. तू बघ जरा. तुला जमेल."

बाकीच्या माना खाली घालून वायरी बांधत राहिल्या. हरप्रीतही.

मी पक्कड खाली ठेवली. "मलाच का?"

"अगं, तसं नाही..."

"मग कसं? सगळ्यांसमोर सांगा ना."

माझा आवाज फाटला होता. हरप्रीतला हौसेनं प्रश्न विचारणाऱ्या बाई माझ्या एका प्रश्नावर पाठ फिरवून निघून गेल्या.

मी संडासाकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशी माझं टेबल दाराशी हलवलं, दुपारभर ऊन येतं तिथं. हरप्रीत हळूच "सॉरी" म्हणाली. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर नाही, आता.

तिचा हेवा गेलेला नाही. जायचाही नाही. पण मी तिच्यासारखी उत्तरं देत बसणार नाही. माझ्या जातीचं उत्तर मी का द्यायचं? मीच विचारणार, "मलाच का?" ज्याचं त्याचं नाव घेऊन, भर वर्कशॉपात, रोज. त्यांना बोलावं लागेपर्यंत.