मी हाक बसवाल्याला मारली होती

खरं सांगायचं तर मी देवाच्या कामाला गेलेच नव्हते, मी नवऱ्याच्या मागे गेले होते. चर्चच्या मंडळीत साक्ष देताना लोक किती छान सांगतात, की प्रभूनं बोलावलं आणि आम्ही निघालो. आमच्या यांना बोलावलं असेल, मला काही ऐकू आलं नव्हतं. मी पांढुर्ण्याची, वडील तिगाव स्टेशनवर रेल्वेत, आणि सौंसरला लग्न होऊन येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. यांची शाळेत गणिताची नोकरी होती, अंगणात संत्र्याची दोन झाडं होती, मला आणखी काही नको होतं. तेवढ्यात टांझानियातल्या एका खेड्यातून आमच्या मंडळीला पत्र आलं, की शाळेत गणित शिकवायला आणि उपासनेच्या कामात हातभार लावायला एक तरुण जोडपं दोन वर्षांसाठी पाहिजे. त्या रविवारी हे घरी आले ते चपला न काढताच म्हणाले, "आपण जाऊ." मी म्हटलं, "टांझानिया काय तिगावच्या पुढचं स्टेशन आहे काय?" पण गेलो. आईनं तिखट, हळद आणि तीळ बांधून दिले. शेजारच्या काकू आमच्यासाठी मुद्दाम जामसांवलीला जाऊन नारळ फोडून आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा देव तिकडं पायलच, पण मी इकडं मारुतीले सांगून ठेवलं बाई." मी त्यांच्या गळ्यात पडून इतकी रडले, की सासूबाईंना हसू आलं.

तिकडचं आमचं रोजचं जगणं म्हणजे काही फार मोठी सेवा नव्हती. पत्र्याचं छप्पर असलेल्या दोन खोल्या, दारात लाल माती, सकाळी हापशीवर रांग, मग कोळशाची शेगडी पेटवायची. हे शाळेत जायचे, मी दुपारी गावातल्या मुलींना पायाच्या मशीनवर शिवण शिकवायची. ज्वारी मिळत नसे, म्हणून मक्याच्या भाकरी थापायची, त्या तव्यावर जाईपर्यंत फाटायच्या. बायका बघायला यायच्या आणि माझ्या हातातलं पीठ घेऊन त्याचा घट्ट गोळा शिजवून द्यायच्या, की पोरी, असं खातात. रविवारची उपासना तीन तास चाले, त्यात दोन तास गाणी. भेटल्यावर विचारपूस इतकी लांब, घरचे कसे, शेत कसं, शेळ्या कशा, की तोवर माझ्या शेगडीतले कोळसे विझायचे. भाषेचा तर नुसता गोंधळ होता. तिकडे दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. मी शाळेच्या हेडमास्तरांना आठवडाभर मोठ्या अदबीनं दादा म्हणत होते, आणि ते बिचारे मान डोलवत राहिले. हे सगळ्यात रमले. मी तोंडाची फटकळ, पण तिथल्या लोकांना वाटायचं किती शांत बाई आहे. भाषाच येत नव्हती, तर भांडणार कशी?

चौथ्या महिन्यात माझा धीर सुटला. फोनला रेंज फक्त गावाबाहेरच्या चिंचेखाली यायची. तिथे उभी राहून आईशी बोलत होते. धाकट्या बहिणीची सोयरीक जमली होती, घरात पाहुणे होते, मागून सगळ्यांचे आवाज येत होते. आई म्हणाली, "काऊन गं, रडून राहिली काय?" मी म्हटलं, "नाही न, सर्दी झाली." घरी आले आणि सगळा राग यांच्यावर काढला. म्हटलं, तुमच्या देवानं तुम्हाला बोलावलं, मला कायले आणलं ओढून? हे म्हणाले, "ये, प्रार्थनेला बसू." बसले. डोळे मिटून मी मनात जे मागितलं ते आजवर मंडळीत कधी सांगितलं नाही, आज लिहिते आहे. मी म्हटलं, प्रभू, असं काहीतरी कर की आम्हाला घरी परत जावंच लागेल. कसं करायचं तेही मी त्याला सुचवलं. शाळा बंद पडू दे, कागदपत्रं अडकू दे, मंडळीचा विचार बदलू दे. हे शेजारी बसून माझ्यासाठी शांती मागत होते आणि मी त्यांच्या सगळ्या कामावर पाणी फिरवायला निघाले होते.

दोन दिवसांनी यांना ताप आला. "अंग मोडून आलं थोडं, दोन दिवसांत बरं होते," म्हणून हे गोळ्या खाऊन शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी शिवणाचा वर्ग आटोपून आत आले तर हे खाटेवर बसून भिंतीला गणित शिकवत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, या पोरांना जरा गप्प कर." घरात पोरं नव्हती, आणि मी त्यांची ताई नव्हते. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे कुठेतरी वर. थोड्याच वेळात बोलणंही थांबलं आणि मान एका बाजूला पडायला लागली. माय वो! मी चार दिवसांपूर्वी जे मागितलं होतं ते हेच होतं का? आजारपण मी सुचवलेल्यात नव्हतं, पण मला वाटलं, देवानं माझं ऐकलं आणि हे असं दिलं. आता मी घरी जाईन, पण कशी जाईन? हा विचार आला आणि मी त्याच्यापुढे हात जोडले, की मागितलेलं सगळं परत घे, यांना तेवढं ठेव.

शेजारच्या गावात एक लहानसा सरकारी दवाखाना होता. पण तिथली नर्सबाई शुक्रवारी दुपारी कुलूप लावून आपल्या घरी जाते ती सोमवारीच येते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तिला आम्ही कधी पाहिलंही नव्हतं. मोठा दवाखाना डोंगरापलीकडे, बसनं तीन तासांवर. बस दिवसातून एकच, दुपारची, अर्ध्या कोसावरच्या डांबरी रस्त्यानं जाणारी. गावातली मोटारसायकल बाजाराला गेली होती, कर्ते पुरुष शेतात. शेजारच्या म्हातारीनं आणि मी मिळून यांना सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवलं, ओढणीनं सीटला बांधलं आणि मी ती सायकल ढकलत निघाले. म्हातारी जमेल तितकं मागे चालत होती आणि मोठमोठ्यानं प्रार्थना करत होती. मला प्रार्थना सुचत नव्हती. मी फक्त यांना सांगत होते, "झोपू नका, ऐकून राहिले का, झोपू नका."

रस्त्यावर पोचले तेव्हा बस दिसली. खचाखच भरलेली, टपावर कोंबड्यांच्या टोपल्या. मी हात केला. ड्रायव्हरनं पाहिलं, जागा नाही अशी मान हलवली आणि गाडी पुढे काढली. सायकल मैलाच्या दगडाला टेकवली, यांना म्हातारीच्या हवाली केलं आणि बसच्या मागे धावले. चार महिन्यांत शिकलेली ती भाषा एका क्षणात डोक्यातून साफ निघून गेली. तोंडातून आलं ते आमच्या पांढुर्ण्याच्या स्टँडवर येतं तेच. आमच्याकडे ऑटोवाला असो, बसवाला असो, वयानं मोठा माणूस दिसला की तो मामा. मी जीव तोडून ओरडत होते, "ओ मामा! मामा! थांबा न मामा!" धूळ तोंडात जात होती. बस वळणापाशी गेली आणि मी रस्त्यातच गुडघ्यांवर बसले.

तेवढ्यात बसच्या पत्र्यावर आतून कोणीतरी धडाधड थापा मारू लागलं. एका बाईचा खणखणीत आवाज आला, कोणाला तरी चांगलंच खडसावणारा. बस थांबली. दारातल्या माणसांना कोपरानं बाजूला सारत एक जाडजूड बाई खाली उतरली, डोक्याला फडकं, हातात बाजाराची टोपली. ती सरळ माझ्याकडे चालत आली आणि तिनं मला दोन्ही हातांनी उभं केलं. ती जे म्हणाली ते मी आपल्या बोलीत सांगते, कारण मला ते तसंच ऐकू आलं: "आली मी, बाई, आली. काय झालं तुले?" तिकडच्या भाषेत मामा म्हणजे आई. ज्या बाईला लेकरू आहे तिला सगळं गाव मामाच म्हणतं. पहिल्या दिवशी शिकलेला शब्द, आणि मी तो विसरून ड्रायव्हरला हाका मारत होते. ड्रायव्हरनं ओ दिली नाही. बाईनं दिली.

तीच ती दवाखान्याची नर्सबाई होती, सुट्टीवर निघालेली. माझ्याबरोबर मागे येऊन तिनं यांच्या पापण्या उघडून पाहिल्या, कपाळावर हात ठेवला, घाम पाहिला. मी म्हटलं, बसमध्ये घाला, मोठ्या दवाखान्यात नेऊ. तिनं हाताच्या खुणेनं डोंगर दाखवला आणि मान हलवली. तीन तास हा माणूस काढणार नाही, असं ती स्पष्ट म्हणाली. मलेरिया डोक्यात चढला आहे आणि अंगातली साखर उतरली आहे. तिनं टोपलीतून घरी न्यायची साखरेची पुडी काढली, बोटावर साखर घेऊन ओली केली आणि यांच्या जिभेखाली थोडी थोडी ठेवू लागली. दुसऱ्या हातानं तिनं ड्रायव्हरला जायला सांगितलं. बस गेली. मला वाटलं संपलं आता सगळं. पण उलट दिशेनं केळ्यांची एक पिकअप आली, तिला पाहून थांबली, कारण त्या भागातली निम्मी पोरं तिच्याच हातानं जन्मलेली. केळ्यांच्या घडांवर यांना निजवलं आणि वीस मिनिटांत आम्ही त्या बंद दवाखान्यापुढे होतो. किल्ली तिच्या कमरेला होती.

सुई दिली, सलाईन लावली. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते आणि थेंब मोजत होते, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ती मधूनमधून येऊन नाडी पाहायची आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. ऊन उतरायला लागलं तेव्हा यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि पहिलं काय विचारलं असेल? "सायकल कुठं आहे?" बाप्पा बाप्पा! मी इकडे देवाशी भांडून, रडून अर्धी झाले आणि या माणसाला सायकलीची पडली आहे! मी हसायला लागले ते थांबेचना, हसता हसता रडायला लागले, आणि नर्सबाईही कारण न समजता माझ्याबरोबर हसत राहिल्या. इतकं हलकं मला माझ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सायकल म्हातारीनं घरी नेली होती, तेही नंतर कळलं.

तिकडे बाईला लेकराच्या नावानं ओळखतात. नर्सबाईंच्या मुलीचं नाव नीमा, आणि त्या भाषेत नीमा म्हणजे कृपा. हे मी रचून सांगत नाही, तिकडे दर चार घरांत एक नीमा असते. नंतर आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं झालं. त्या मला लेक म्हणायच्या, आणि सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, की या परदेशी पोरीनं मला रस्त्यावरून आई म्हणून हाक मारली. मी गप्प राहायची. खोटं बोलल्यासारखं वाटायचं, पण खरं सांगितलं तर त्यांचं प्रेम आटेल, अशी भीतीही वाटायची. वर्षभरानं सुट्टीसाठी सौंसरला यायचं ठरलं, तेव्हा निरोप घ्यायला गेले आणि म्हटलं, आता मनात ठेवून जायचं नाही. तोडक्यामोडक्या भाषेत सगळं सांगितलं. म्हटलं, मी तुम्हाला नव्हती हाक मारली. मी ड्रायव्हरला बोलावत होते. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ.

त्या आधी मांडीवर थाप मारून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बरं झालं न मग. ड्रायव्हरनं ऐकलं असतं तर तू त्याले घेऊन बसमधी बसली असती, अन् डोंगर चढायच्या आधीच..." पुढं त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी त्या बसमध्ये गाढ झोपल्या होत्या. आदल्या रात्रीपासून एका बाळंतिणीपाशी जागलेल्या. बस माझ्याजवळून गेली, ड्रायव्हरनं मान हलवली, लोक खिडकीतून बोलले, त्यातलं त्यांना काहीच कळलं नव्हतं. "तू थांबा म्हणून ओरडली असती, वाचवा म्हणून ओरडली असती, तरी मी उठली नसती," त्या म्हणाल्या. "आईले झोपेतून उठवते असा एकच शब्द आहे."

मी पूर्वी प्रार्थनेत प्रभूला सगळं समजावून सांगायची. कोणाला पाठव, कुठून पाठव, किती वाजता पाठव. आता तेवढी घाई राहिली नाही. हाक मारते आणि वाट पाहते, कोण उतरेल ते तो ठरवतो. सध्या सौंसरला आहोत, पुढच्या महिन्यात उरलेल्या दिवसांसाठी परत जायचं आहे, बॅगा मीच भरून राहिले आहे. हे शेजारच्या खोलीत पोरांना गणित शिकवत आहेत, खऱ्याखुऱ्या पोरांना, आणि त्यांचा आवाज इथवर येतो. तो ऐकला की मी हातातलं काम ठेवून घटकाभर डोळे मिटते, आणि माझ्या तोंडून त्या दिवशी चुकीचा शब्द निघाला, म्हणून प्रभूचे आभार मानते.