प्राणहितेच्या डोहातली पाणमांजरं आणि काठावरची हाक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... कारण आमच्या सावली गावातली अर्धी भुतं मीच तयार केलीत. तलावाच्या पाळीवर जी पांढऱ्या साडीतली बाई सांगतात ना, ती माझी. मध्यंतरी एका पाहुण्यानं ती मलाच ऐकवली, वर तिला एक लेकरूही जोडलेलं होतं. बायको सगळ्यांना बजावते, यांच्या बोलण्यातलं निम्मं काढून टाका, मग ऐका. आजच्या गोष्टीत मात्र काढण्यासारखं काही नाही.

माझी सासुरवाडी सिरोंचाची. साळा मल्लेश प्राणहितेत मासे धरतो. घरात तेलुगू, म्हणून तो मला ‘बावा’ म्हणतो — म्हणजे बहिणीचा नवरा. लग्नात हे ऐकून, बावा म्हणजे बैरागी समजून, माझ्या मामानं विचारलं होतं, “काऊन रे, आतापासूनच झोळी देऊन राह्यले का याले?” बायकोला दुसरं भावंड नाही. म्हणजे मला बावा म्हणणारा या पृथ्वीवर एकटा मल्लेश.

मला पाणमांजरं बघायची होती. मल्लेश त्यांना नीटिकुक्क म्हणतो, पाण्यातला कुत्रा. पावसाळ्यात विचारलं तर हसला. “आता कुठी शोधसाल? नाले भरले का ते वर चढते, पार धानाच्या बांध्यांपर्यंत. मे महिन्यात या. नदी आटली का सारे डोहात येऊन बसते.”

तर मे महिना, सकाळ, ऊन नुकतं पाण्यावर आलेलं. मल्लेशनं आधी काठावरचा एक खडक दाखवला. वर काळपट विष्ठा, तिच्यात माशांचे खवले चमकत होते, आणि वास असा की सिरोंचाचा अख्खा मासळीबाजार तिथं झोपून गेला असावा. बाजूच्या रेतीत लोळल्याच्या खुणा, पंजांचे ठसे, बोटांमध्ये पडद्याची पुसट रेघ. मग त्याच्या डोंग्यात, म्हणजे लहान लाकडी होडीत बसून आम्ही डोहात शिरलो. “आता पाण्याकडं पाहा. बुडबुडे रांगेनं चालत आले का समोर डोकं निघते.”

निघालं. मग दुसरं, मग आणखी. आमचा डोंगा दिसताच सगळ्यांनी माना उंच केल्या, आमच्यावर डोळे रोखले आणि नाकातून फुस्स केलं.

“लई चोंबडे हायेत,” मल्लेश म्हणाला. “माणूस दिसला का काम सोडून त्याच्याकडंच पाहते.”

“म्हणजे तुझ्या बहिणीसारखे.”

“घरी सांगू का?”

तेवढ्यात त्याचं जाळं खाली कपारीत अडकलं. जाळ्याचा दोर डोंग्याला बांधून तो पाण्यात उतरला. “बावा, जागचे हलू नका. पुरात वैनगंगा पोहून गेल्ते म्हणता, पण मले माहीत हाय तुमचं पोहणं.”

बुडी मारली. बुडबुडे आले... मग थांबले. मी वाट बघत राहिलो. मल्लेशचा दम मोठा आहे, पण एवढा नाही. दोर ताठ होता आणि पाणी काचेसारखं गप्प. बायकोला काय सांगायचं, हे मनात यायला लागलं.

आणि समोरच्या काठावरून, दगडांच्या आडून हाक आली. “बावा... इकडं.”

मल्लेशचाच आवाज. जीव भांड्यात पडला. तिकडं निघाला होय, मस्करी करतोय लेकाचा, म्हणून मी चार शिव्या हासडल्या, डोंगा ढकलायची काठी घेतली, दोर सोडायला वाकलो — तेव्हा पाणमांजरांकडं लक्ष गेलं.

त्यांच्या माना उंचच होत्या. पण एकही काठाकडं बघत नव्हतं, माझ्याकडंही नाही. सगळी त्या दोराकडं, तो पाण्यात शिरत होता त्या जागेकडं बघत होती. फुस्स नाही, हालचाल नाही.

“बावा, या ना इकडं.” आता जरा जवळून. जरा वैतागून. अगदी तो वैतागतो तसं.

काठावर माणूस उभा आहे आणि हे चोंबडे तिकडं बघत नाहीत?

काठी टाकली. दोर धरला आणि ओढला. किती जोरानं, ते मी इतरत्र फार रंगवून सांगतो. इथं एवढंच की हात सोलून निघाले. आधी जाळ्यात गुरफटलेला पाय आला. मग मल्लेश. ओठ निळे. डोंग्यात पालथा घालून पाठीवर बुक्क्या मारल्या, तेव्हा कुठं पाणी ओकला आणि श्वास घेतला.

मग उठून बसत त्यानं विचारलं. “काठावर कायले गेल्ते बावा?”

“मी? मी डोंग्यातच होतो.”

“नाई... तुमी बलावून राह्यले होते. मल्लेश, इकडं ये म्हणून. म्या तिकडं वळलो, अन् पाय गुतला.”

“कानात पाणी गेलं असन तुह्या,” मी म्हणालो.

त्याला सावलीत बसवून मी त्या दगडांमागं जाऊन आलो. मऊ रेती, पंजांचे ठसे, लोळल्याच्या खुणा. माणसाचं पाऊल एकही नाही.

एका मास्तर मित्राला सांगितलं तर म्हणाला, प्रतिध्वनी. पण कशाचा? मी स्वतःला बावा म्हणत नाही. श्वास कोंडला की भास होतात म्हणे; मल्लेशचं त्यात बसतं. मी तर डोंग्यात बसून भरपूर हवा खात होतो.

मल्लेशला वाटतं, बुडताना आपल्याच डोक्यात आवाज आला. मलाही हाक ऐकू आली होती, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही... त्याच्यापुरती पोटात राहिलेली माझी ही एकच गोष्ट. तो या ग्रुपवर नाही, म्हणून इथं लिहिलं. कोणी ओळखत असाल तर त्याला दाखवू नका. त्याला रोज त्याच पाण्यात उतरायचं असतं.